उस्तादांची सून आणि पिस्तुलाचा कोर्स

माझे सासरे पोलीस दलात हत्यारांचे उस्ताद होते. म्हणजे नव्यानं भरती झालेल्या पोरांना रायफल आणि पिस्तूल चालवायला शिकवणारे. यवतमाळकडचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गावात त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. सासूबाई गेल्यावर ते पहिल्यांदाच आमच्याकडे आयर्लंडला आले, सहा महिन्यांसाठी. आम्ही डब्लिनच्या कडेला, टॅलाला राहतो. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, मी सँडीफोर्डच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते.

त्या शनिवारी काय झालं ते मी पहिल्या आठवड्यातच चार वेळा सांगितलं. नवऱ्याला, हॉस्पिटलात, गार्डांना म्हणजे इथल्या पोलिसांना, आणि अमेरिकेतल्या भावाला. त्यामुळे ते मला पाठ झालं आहे. पाठ झालेलं सांगताना जसं काही होत नाही, तसं ते सांगताना मला काही होत नाही.

दुपारचे चार वाजले होते. दूध संपलं होतं म्हणून मी आणि बाबा, म्हणजे सासरे, दुकानात गेलो होतो. परत येताना हिरवळीच्या कडेनं जाणारी पायवाट आहे, तिथे समोरून दोन माणसं आली. पंचविशीतली असतील. त्यातला एक काहीतरी बोलला. मला वाटलं, वेळ विचारतोय. बाबांना इथे येऊन दोन महिने झाले होते आणि इथले लोक रस्त्यात अनोळखी माणसालाही हाय म्हणतात हे त्यांना फार आवडलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "हाय." त्या माणसानं त्यांच्या तोंडावर गुद्दा मारला. बाबा आडवे झाले. दुसऱ्यानं त्यांच्या बरगडीत लाथ घातली. तुमच्या देशात परत जा, असं म्हणाले, मध्ये शिव्या होत्या. मग ते गेले. पळाले नाहीत, चालत गेले. एकानं जाता जाता सिगारेट पेटवली.

माझ्या हातात दोन लिटरचा दुधाचा कॅन होता. मी तो धरून उभी होते. कुत्रं फिरवायला आलेल्या एका बाईनं अँब्युलन्स बोलावली, स्वतःचा कोट काढून बाबांच्या डोक्याखाली घातला आणि "यू आर ग्रँड, लव्ह, यू आर ग्रँड," म्हणजे तुम्ही ठीक आहात, असं म्हणत त्यांचा हात चोळत बसली. हे सगळं मी का केलं नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नंतर पडला, पण तोही दुसऱ्या कुणाचा प्रश्न असावा तसा.

गालाचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना तडे गेले होते. नवरा त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर ड्यूटीवर होता. तो खाली आला, आधी स्कॅन बघितला, मग वडिलांचा चेहरा.

सोमवारी मी कामावर गेले. ऑफिसातल्यांना कळलं होतं. कुणी केक आणला, कुणी मिठी मारली. मी थँक्यू म्हणाले. जेवत होते, झोपत होते, मीटिंगमध्ये बोलत होते. मुलीचा डबा भरत होते. रडू येईल म्हणून दोन-चार दिवस वाट बघितली, मग वाट बघणंही सोडून दिलं.

त्या आठवड्यात टेक्ससहून दादाचा फोन आला.

"तू पिस्तूल घे," तो म्हणाला. हॅलोसुद्धा नाही.

"दादा, हे टेक्सस नाही."

"मग निदान शिकून तरी ठेव. इथे दोन दिवसांचे कोर्स असतात, स्वसंरक्षणासाठी हँडगन कशी वापरायची त्याचे. मी केलाय. तुझ्या वहिनीनं केलाय. पण कोर्स नीट बघून निवडावा लागतो, काही नुसते दिखाऊ असतात. तुला यादी पाठवतो, काय काय विचारायचं त्याची."

यादी आली. शिकवणारा आधी कुठे काम करत होता? एका शिक्षकामागे शिकणारे किती? नवशिक्यांना वेगळं शिकवतात का? कायद्यावर किती वेळ बोलतात? शिकणाऱ्याकडून चूक झाली तर काय करतात? पहिला तास कशावर असतो?

टेस्टिंगचं काम करणाऱ्या माणसाला यादी मिळाली की त्याचे हात आपोआप चालायला लागतात. मी एक्सेल उघडलं, आडव्या रकान्यात दादाचे प्रश्न आणि उभ्यात कोर्सेस. जेवणाच्या सुट्टीत सँडविच खात मी टेक्सस आणि ॲरिझोनातल्या कोर्सेसची माहिती वाचायची आणि रकाने भरायची. एका ठिकाणी नवशिक्यांना पहिला अर्धा दिवस गोळीच देत नाहीत, हे मला बरं वाटलं. त्या रकान्याला हिरवा रंग दिला. एका ठिकाणी शिक्षक फोटोत पिस्तूल रोखून हसत होता, त्याला लाल. पंधरा दिवस हे चाललं. सहा कोर्स झाले. त्यातल्या एकाही ठिकाणी मी जाणार नव्हते, हे मला माहीत होतं.

एकदा घरी लॅपटॉप उघडाच राहिला. नवऱ्यानं बघितलं.

"हे काय आहे?"

"कोर्सेस."

"कुठे आहेत हे?"

"हा ह्यूस्टनजवळ. हा फिनिक्सजवळ."

तो बराच वेळ हिरव्या-लाल चौकोनांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चल, जेवून घे." त्याच्याही अंगात काही उरलं नव्हतं.

गार्डा स्टेशनवर जबाबावर सही करायला बोलावलं होतं. आमची केस बघणारी बाई माझ्याच वयाची होती. सही झाल्यावर मी तिला विचारलं, की इथे पिस्तुलाचा परवाना कसा मिळतो, स्वतःच्या बचावासाठी.

तिनं पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, बचावासाठी हवंय हे कारण इथे चालतच नाही. शेतकऱ्याला कोल्ह्याकावळ्यांसाठी बंदूक मिळते, नेमबाजी करणाऱ्याला क्लबच्या कागदांवर मिळते, पिस्तुलाचे नियम तर आणखी कडक. माणसापासून वाचायला म्हणून काहीच मिळत नाही.

"आणि मिरचीचा स्प्रे?" मी विचारलं. पुण्याहून येणाऱ्या एका मैत्रिणीला मी तो आणायला सांगितलेला होता.

"तोही नाही. कायद्यानं तोही बंदुकीतच मोडतो. कुणाला आणायला सांगितलं असेल तर आजच नको म्हणून सांग." मग थांबून म्हणाली, "विचारलं म्हणून तुला काही होणार नाही. तू ठीक आहेस ना?"

"ग्रँड," मी म्हणाले. इथे राहून हा शब्द तोंडात बसलाय. त्यानं सगळं झाकता येतं.

बाहेर येऊन मैत्रिणीला मेसेज केला, स्प्रे आणू नकोस. तिनं का म्हणून विचारलं. मी फोन बॅगेत टाकला.

घरी बाबा सोफ्यावर उशीला टेकून बसले होते. गालाची सूज उतरली होती, डोळ्याखाली पिवळं राहिलं होतं. त्या दिवसापासून ते दाराबाहेर पडले नव्हते. पूर्वी सकाळी सहाला फिरायला जाणारा माणूस, आता खिडकीपासूनही लांब बसायचा. मी त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं. दादाचा फोन, यादी, गार्डा स्टेशन.

"पिस्तुलाचा कोर्स? तुले?" ते हसायला गेले आणि बरगडी दुखली म्हणून थांबले. "दाखव बरं ते काय हाय तं."

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. जुना चष्मा त्या दिवशी फुटला होता, नवऱ्यानं करून आणलेल्या नव्याची अजून सवय झाली नव्हती. मान मागेपुढे करत त्यांनी एकेक ओळ वाचली. आल्यापासून कुठल्या गोष्टीत त्यांनी इतका वेळ डोकं घातलेलं मी बघितलं नव्हतं.

"प्रश्न बराबर हायेत," शेवटी म्हणाले. "तुया भावाले कोनीतरी चांगला मास्तर भेटला होता. पन एक राह्यला."

"कोणता?"

"मास्तरले विचारायचं, तू आजवर कोनाले कोर्सातून हाकललं काय? ज्यानं कोनालेच हाकललं नाही, त्याच्यापाशी शिकू नोको."

"तुम्ही हाकललं होतं?"

"लय जनाइले," ते म्हणाले आणि चहा प्यायले. "काहीइले हत्यार हातात आलं का चेहरा बदलते. ते दिसते."

मी सातवा रकाना वाढवला.

नेमबाजीच्या क्लबला जायचं त्यांच्याच मनात आलं. नुसतं बघायला. विकलोच्या डोंगराकडे एक क्लब होता, मी फोन केला, पाहुणे म्हणून या म्हणाले. पाच आठवड्यांनी बाबा घराबाहेर पडले. दारातून गाडीपर्यंतच्या वीस पावलांत त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं होतं आणि दोन्ही बाजूंना बघत होते. मीही बघत होते.

क्लब म्हणजे मेंढ्यांच्या कुरणाच्या टोकाला एक बुटकी, लांब शेड. क्लबचे सेक्रेटरी सत्तरीचे, लोकरीची टोपी घातलेले. त्यांनी वहीत आमची नावं लिहून घेतली, आवाज अडवणारे जाड हेडफोन कानांवर घालायला दिले आणि रेघेच्या मागे उभं केलं. पुढे चार माणसं कागदावरच्या गोलांवर छोट्या पिस्तुलांनी नेम धरत होती. आवाज मला वाटला होता त्याहून बारीक होता. मला वाटलं होतं, ऐकल्यावर काहीतरी होईल. झालं नाही.

बाबा मात्र बदलले. पाठ सरळ झाली, पाय थोडे फाकले, हात मागे गेले. गोळीबार थांबल्यावर ते मला हळूच म्हणाले, "तो तिसरा. चाप दाबाच्या आधी श्वास कोंडून ठेवते. लय वेळ. म्हनून खाली जाऊन राहिल्या त्याच्या गोळ्या."

सेक्रेटरींनी विचारलं, काय म्हणतात ते? मी सांगितलं. ते तिसऱ्या माणसाशी जाऊन बोलले. पुढच्या पाच गोळ्या एकमेकींच्या जवळ लागल्या. तो माणूस वळला आणि बाबांकडे बघून अंगठा वर केला. बाबांनी मान हलवली. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मान हलवली.

मग शेडच्या टोकाच्या खोलीत चहा झाला. मला इथे शिकता येईल का, असं मी विचारलं. सेक्रेटरी मला म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना यातलं कळतं. आणि तुम्हाला कशाला शिकायचंय?"

मी खरं तेच सांगितलं. पाचव्यांदा.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "फार वाईट झालं. पण मग मी तुम्हाला घेऊ शकत नाही. कायदा आहे म्हणून, आणि नसता तरी घेतलं नसतं. इथे येणाऱ्याच्या डोक्यात कागद असायला हवा, माणूस नाही."

मला राग आला नाही. बाबांचा प्रश्न आठवला म्हणून विचारला, "तुम्ही याआधी कुणाला परत पाठवलंय?"

"आत्ताच पाठवलं की," ते म्हणाले.

मी बाबांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "हा मास्तर चांगला हाय."

परतीच्या रस्त्यावर पाऊस भुरभुरत होता. मग मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुमच्याजवळ पिस्तूल असतं तर?"

ते वायपरकडे बघत राहिले. "निघालं नसतं," म्हणाले. "पंचवीस वर्सं पोराइले शिकवलं, का हत्यार असं काढा, तसं काढा. अन् मले तो मारते हेच समजलं नाही. मी त्याच्याकडं पाहून हासून राहिलो होतो, बाई."

"मी तर नुसती उभी होते," मी म्हणाले. "ओरडलेसुद्धा नाही."

"ओरडली ना."

"नाही बाबा."

"मी खाली पडलो होतो, मले आयकू येत होतं. 'बाबा, बाबा' करून राहिली होती तू. ते दोघं तुया ओरडन्यानंच गेले."

मला हे आठवत नाही. आजही आठवत नाही. मला फक्त दुधाचा कॅन आठवतो आणि त्याचं गार हँडल. ते खरं बोलत होते की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही. मी गाडी चालवत राहिले.

पिस्तूल बाद झालं. आता हातापायांनी करायच्या बचावाचे कोर्स बघायला लागले. एक्सेल तेच, फक्त कोर्स डब्लिनमधले.

पहिला वर्ग माझ्या ऑफिसजवळच्या एका गोडाऊनसारख्या जिममध्ये होता. शिकवणाऱ्याचे दंड माझ्या मांडीएवढे. गाणी मोठ्यानं लावलेली. तो म्हणाला, "समोरच्या पिशवीच्या जागी त्याचा चेहरा आणा आणि मारा!" मी प्रयत्न केला. चेहरा आठवेना. एकाचं जाकीट राखाडी होतं, एवढंच. मी दोन-तीन गुद्दे मारले, मग पिशवी धरून उभी राहिले. शेवटी त्याला विचारलं, तुम्ही कधी कुणाला कोर्समधून काढलंय का? "कधीच नाही!" तो खुशीत म्हणाला. "इथे सगळ्यांचं स्वागत आहे." माणूस चांगला होता. मी लाल रंग दिला.

दुसरा वर्ग शनिवारी सकाळी, एका कम्युनिटी हॉलमध्ये, फक्त बायकांसाठी. शिकवणारी साठीची, आधी तुरुंगात अधिकारी होती. लहान चणीची, गुडघ्याला पट्टा बांधलेला. मी माझी यादी काढली. तिला हसू आलं, पण तिनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. दहाच्या वर बायका घेत नाही. पहिले तीन तास फक्त आवाज आणि कसं उभं राहायचं ते. मारायचं सगळ्यात शेवटी, आणि तेही सुटून पळण्यापुरतं.

"आणि कुणाला काढलंय?"

"दोघींना. एकीला बहिणीच्या नवऱ्याला मारायला शिकायचं होतं. तिचं बरोबर होतं म्हणा, पण मी नाही शिकवलं. दुसरीला आधी डॉक्टरकडे पाठवलं. ती वर्षानं परत आली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं कधी झालं?"

"सात आठवडे."

"झोप लागते?"

"हो."

"रडलीस?"

"नाही."

"चिडलीस?"

"नाही."

ती म्हणाली, "तू पैसे भरू नकोस अजून. तीन शनिवार तिथे खुर्चीवर बसून नुसतं बघ. आणि घरी डॉक्टर आहे म्हणतेस ना, तरी दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे जा, याबद्दल बोलायला. मग ठरवू."

म्हणजे मलाही तिनं अर्धं परतच पाठवलं होतं. मी रकाना हिरवा केला.

तीन शनिवार मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. दहा बायका एकामागून एक पुढे यायच्या, हात छातीसमोर उघडे धरायच्या आणि "मागे हो!" म्हणून ओरडायच्या. एक बस चालवणारी बाई होती, तिच्या आवाजानं खिडक्या थरथरायच्या. एक म्हातारी दर वेळी ओरडून झाल्यावर सॉरी म्हणायची. मी बघत होते. मधल्या वारांत एका डॉक्टरांकडे जात होते, त्या मला प्रश्न विचारायच्या आणि मी उत्तरं द्यायची.

चौथ्या शनिवारी मी उभी राहिले. हात उघडे धरले. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. निघाला तो खोकल्यासारखा. शिकवणारी म्हणाली, "ठीक आहे. पुढची." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी पाठ थोपटली नाही. त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

बाबा मुक्काम संपायच्या महिनाभर आधीच परत गेले. जातो म्हणाले तेव्हा नवऱ्यानं थांबा म्हटलं नाही, आणि त्याबद्दल तो अजून स्वतःला बोल लावतो. गावात त्यांनी जिन्यावरून पडलो असं सांगितलं आहे. "उस्तादाले मारलं म्हनून कोनाले सांगू?" असं मला फोनवर म्हणाले. जाण्याच्या आदल्या दिवशी मुलीनं त्यांना इंग्रजीत विचारलं, की आजोबा, तुम्ही पुन्हा याल ना? ते मराठीत म्हणाले, "पाहू." तिला मराठी समजतं.

ती दोन माणसं सापडली नाहीत. गार्डा बाईचा फोन आला होता. कॅमेऱ्यात पाठमोरे दिसतात, ओळख पटत नाही, फाइल उघडी आहे, असं तिनं सांगितलं. मी थँक्यू म्हणाले. त्या पायवाटेनं मी अजून जात नाही, मोठ्या रस्त्यानं वळसा घालते.

वर्ग चालू आहे. मनगट सोडवता येतं आता. बस चालवणारीनं धरलेलंसुद्धा. मधे एकदा घरी कांदा चिरताना मी अचानक इतकी चिडले, की सुरी खाली ठेवून ओटा धरून उभी राहिले. कुणावर ते कळलं नाही. पाचेक मिनिटांत गेलं. डॉक्टर म्हणाल्या, चांगलं आहे. मला ते चांगलं वाटलं नव्हतं.

मागच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी हॉलबाहेर गाडीत बसले होते, तेव्हा बाबांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती.

"ओरडता येते काय आता?" त्यांनी विचारलं.

"थोडं थोडं."

"आयकव बरं मले."

"बाबा, मी गाडीत आहे. बाहेर माणसं आहेत."

"काचा वर कर."

मी काचा वर केल्या आणि ओरडले. बाहेर गाडीत सामान ठेवणारी म्हातारी दचकून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला हात केला.

पलीकडून बाबा म्हणाले, "पोटातून काढ. गळ्यातून नोको. पुन्हा."

मी पुन्हा ओरडले.

"हं," ते म्हणाले. "आता ठेवतो. न्हावी आला हाय, दाढी करायची हाय."